मायचा आजार, बहिणीची जीन टेस्ट आणि माझं २५२ कोलेस्टेरॉल

गिरणाकाठ | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे कापसाच्या आणि केळीच्या धाग्यांवरच सापडतो. हा धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

भडगाव तालुक्यात आमचं गाव, माझं कृषी केंद्र आहे. माय ७२ वर्षांची. पहिल्यांदा खटकलं ते दोन वर्षांपूर्वी, कळण्याच्या भाकरीवरून. जन्मभर जिने ज्वारी-उडदाचं माप नुसत्या हाताच्या अंदाजाने काढलं, ती दळणाचा डबा पुढ्यात घेऊन बायकोला विचारत होती, "उडीद किती टाकतस?" आम्ही हसण्यावारी नेलं. मग भाजीत दोनदा मीठ. मग गॅस चालू ठेवून ओट्यावर बसून राहणं. आता रोज दिवस कलला की पिशवी भरते आणि दारात उभी राहते: "माले घर जानं शे." कोणतं घर, तर माहेरचं. ते घर पडून वीस वर्षं झाली.

नाशिकला न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. एमआरआय झाला, बी-१२ आणि थायरॉइड तपासलं, कागदावर घड्याळ काढायला लावलं. माझ्या मायने सगळे आकडे घड्याळाच्या एकाच बाजूला कोंबले. डॉक्टर म्हणाले अल्झायमर. डोनेपेझिल सुरू आहे.

इथपर्यंत आम्ही कसंबसं पचवलं होतं. पुढचं ऐका.

पुण्याच्या बहिणीने कुठल्याशा कंपनीचं, थुंकीवरून जीन तपासायचं किट मागवलं. रिपोर्ट आला: एपीओई ई३/ई४. त्यात लाल रंगात अल्झायमरचा 'वाढीव धोका'. तेव्हापासून ती रात्री फोन करून रडते. चष्मा सापडला नाही तरी म्हणते, "दादा, मला सुरू झालं." माझ्यामागे लागली आहे की तूही कर. त्याच आठवड्यात माझा लिपिड प्रोफाइल आला: एकूण २५२, एलडीएल (ते 'वाईट' कोलेस्टेरॉल) १७२, एचडीएल ('चांगलं') ४२, ट्रायग्लिसराइड १९०. वय ४७. आणि व्हॉट्सॲपवर मामांनी एक मेसेज पाठवला की मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मेंदू सुकवतात. मायला सहा वर्षांपूर्वी स्टेंट टाकला तेव्हापासून ॲटोर्वास्टॅटिन आहे. मामांनी आल्या आल्या ती गोळी बंद केली. पंधरा दिवस झाले.

मायची मायसुद्धा शेवटी शेवटी अशीच झाली होती. शेतात निघून जायची, लोक धरून आणायचे. तेव्हा नाव नव्हतं, 'साठी बुद्धी नाठी' म्हणायचे आणि विषय संपायचा.

प्रश्न तीन. आमच्या घराण्यात हे उतरतंय का? माझ्या २५२ चा आणि मायच्या आजाराचा काही संबंध आहे का? आणि ती गोळी चालू करू की नको?

चौथा प्रश्न खरं तर विचारायचा नव्हता. मुलगी २३ वर्षांची आहे, स्थळं बघतोय. काका म्हणतात, मायचा आजार कोणापुढे काढायचा नाही.

---

भुसावळ_पॅसेंजर | १२ मे, रात्री १०:१५

भाऊ, जीनचं जाणकार सांगतील. मी आठ वर्षं वडिलांचं केलं, तेवढ्यापुरतं बोलतो.

वडील रेल्वेत होते. शेवटी मला ओळखत नव्हते, पण अमुक गाडी जंक्शनला किती वाजता लागायची ते फटकन सांगायचे. ते वेळापत्रक तीस वर्षांपूर्वीचं होतं, पण होतं बिनचूक.

'घर जानं शे'ला "हेच तुझं घर आहे" असं उत्तर देऊ नका. त्यांना ते खोटं वाटतं आणि संताप वाढतो. "चला, सोडतो" म्हणायचं, चप्पल घालायची, गल्लीला एक वळसा मारायचा आणि त्याच दारातून आत यायचं. "आलो बरं घरी." दहापैकी सात वेळा चालतं. उरलेल्या तीन वेळा चहा.

खिशात किंवा पदराच्या गाठीत फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. दाराची कडी काढून फार वर बसवा. डोळ्यांच्या पातळीच्या वरचं त्यांना सुचत नाही.

आणि सध्या मे चालू आहे. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत ही माणसं पाणी मागत नाहीत, तहान लागली हेच विसरतात. एक-दोन दिवसांत एकदम जास्त बिघडलं, बरळायला लागली, तर 'आजार वाढला' म्हणून घरी बसू नका. सोडियम आणि लघवीचं इन्फेक्शन तपासा. माझ्या वडिलांना आम्ही आठवडाभर तसंच ठेवलं होतं. सलाइन लावल्यावर माणूस होता तिथे परत आला. तो आठवडा मला अजून टोचतो.

---

रक्तगट_ओ | १२ मे, रात्री ११:५०

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही. एमडी पॅथॉलॉजी, धुळ्याकडे लॅब चालवतो. तरी लिहितो, कारण एक गोष्ट उद्यावर टाकण्यासारखी नाही.

ती गोळी. स्टेंट असलेल्या माणसाची स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) मामांनी बंद करायची नसते, मी नाही आणि तुम्हीही नाही. उद्या सकाळी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, पंधरा दिवस बंद आहे हे सांगा आणि ते म्हणतील तसं करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आता मामांचा मेसेज. त्यातलं पहिलं वाक्य जवळपास खरं आहे, म्हणून तर तो मेसेज पळतो. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीरातलं जवळजवळ पाव कोलेस्टेरॉल मेंदूत असतं. मज्जातंतूंवरचं आवरण, पेशींची पटलं, सगळ्याला ते लागतं. पण हे कोलेस्टेरॉल तुमच्या शेवभाजीतून तिथे जात नाही आणि रक्तातूनही नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा आहे, त्यातून एलडीएलचे कण पार होत नाहीत. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आपणच बनवतो.

किल्ला समजा. बाहेरचा बाजार बंद, आत स्वतःचा भटारखाना. तिथे ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी कोलेस्टेरॉल बनवतात आणि न्यूरॉनपर्यंत पोचवतात. पोचवायला टेम्पो लागतो, कारण चरबी पाण्यात विरघळत नाही. तो टेम्पो म्हणजे एपीओई हे प्रथिन. तुमच्या बहिणीच्या रिपोर्टमधलं नाव ते हेच.

म्हणजे 'कोलेस्टेरॉल' आणि 'अल्झायमरची जीन' हे दोन विषय वाटतात, पण जीनचं मुळातलं काम चरबी वाहण्याचं आहे. गंमत बघा, १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या मंडळींनी एपीओई-ई४ आणि अल्झायमरचा संबंध दाखवला, तेव्हा हे प्रथिन हृदयवाल्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. मेंदूच्या आजारात ते काय करतंय, म्हणून पुष्कळांनी भुवया उंचावल्या.

एपीओई १९व्या गुणसूत्रावर असतं. तीन प्रकार: ई२, ई३, ई४. प्रथिन २९९ अमिनो आम्लांचं, त्यात फरक फक्त ११२व्या आणि १५८व्या जागेवर. एवढ्याशा फरकाने टेम्पोची बांधणी बदलते. ई४ टेम्पो कमी माल भरतो, शिवाय मेंदूत साठणारं बीटा-अमायलॉइड नावाचं प्रथिन उचलून बाहेर टाकायच्या कामातही ढिला पडतो. ई२ उलट थोडं संरक्षण देतो.

प्रत्येकाला एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. ई४ ची एक प्रत असेल तर धोका साधारण ३ पट. दोन असतील तर ८ ते १२ पट. हे 'पट' ऐकून लोक घाबरतात. ३ पट म्हणजे होणारच असं नव्हे. एक ई४ असलेले कितीतरी लोक नव्वदीपर्यंत शाबूत डोक्याने जगतात, आणि ई४ चा मागमूस नसलेल्यांनाही अल्झायमर होतो.

म्हणून बहिणीला सांगा: तिला आजाराचं निदान झालेलं नाही. चष्मा हरवणं हा आजार नाही. चष्मा हातात घेऊन हे काय असतं असं वाटणं, तो वेगळा विषय.

---

गिरणाकाठ | १३ मे, सकाळी ७:०५

डॉक्टर, मनापासून आभार. आत्ता हृदयाच्या डॉक्टरांना फोन लागला. खूप बोलले. गोळी आजपासून सुरू.

म्हणजे बहिणीला आहे तर मलाही असणार?

---

रक्तगट_ओ | १३ मे, दुपारी २:२०

नाही, तसा हिशेब लागत नाही. बहिणीचा ई४ मायकडून आला की वडिलांकडून, तेच माहीत नाही. मायकडे एक ई४ असेल आणि वडिलांकडे नसेल तर तुमची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. मायकडे दोन्ही ई४ असतील तर तुम्हा दोघांना एकेक मिळालाच. वडिलांकडून आला असेल तर गणित पुन्हा वेगळं.

एक फरक मात्र नीट समजून घ्या, कारण 'घराण्यात उतरतो' हे वाक्य दोन वेगळ्या गोष्टींना लावलं जातं. एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ या तीन जीन्समधल्या काही बिघाडांनी आजार जवळजवळ नक्की येतो, तोही चाळिशी-पन्नाशीत, आणि निम्म्या मुलांकडे जातो. अशी घराणी फार थोडी, एकूण रुग्णांत १ टक्काही नाही. तुमच्या मायला सत्तरीत सुरू झालंय. तुमच्या आजीला कधी झालं होतं?

---

गिरणाकाठ | १३ मे, दुपारी ३:००

पंच्याहत्तरच्या पुढे. नक्की वय कोणालाच माहीत नव्हतं, तिचा जन्म 'मोठ्या पुराच्या साली' एवढंच सांगायची.

---

रक्तगट_ओ | १३ मे, दुपारी ३:१०

मग त्या तीन जीन्सचा संशय घ्यायला काही जागा दिसत नाही.

---

शंकासुर | १३ मे, रात्री ८:३०

डॉक्टरसाहेब, राग मानू नका, पण हे सगळे आकडे गोऱ्या लोकांचे. ३ पट, १२ पट. आपल्या लेवा पाटलाचं, गुजराचं, भिलाचं रक्त कोणी तपासलंय?

दुसरं. माझे आजोबा रावेरला. रोज शेंगदाण्याच्या तेलाची तर्री, हिवाळ्यात वरण-बट्टीवर तुपाची धार, वांग्याच्या भरतात तेल वर तरंगेल इतकं. ९१व्या वर्षी सातबारा पाठ होता. तेव्हा कोलेस्टेरॉल हा शब्दही नव्हता. हा सगळा गोळ्यावाल्यांचा बाजार आहे.

---

सातपुड्याचा_वारा | १३ मे, रात्री ९:०५

शंकासुरभाऊंचा पहिला मुद्दा रास्त आहे, पण भारतात कोणी बघितलंच नाही असं नाही. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमध्ये अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी मिळून वृद्धांचा अभ्यास केला आणि तो पेन्सिल्वेनियातल्या मोनोंगाहेला खोऱ्याशी ताडून पाहिला. २००० साली छापून आलेल्या निष्कर्षात ई४ चं प्रमाण बल्लभगडला ०.०७, म्हणजे शंभर प्रतींमागे ७ निघालं, तिकडे ०.११. अल्झायमरही इथे कमी. पण ज्यांच्याकडे ई४ होता, त्यांच्यात आजाराशी असलेला संबंध दोन्हीकडे सारखाच दिसला. म्हणजे ई४ टेम्पो इथे कमी, पण जिथे आहे तिथे खोड्या त्याच.

उलट नायजेरियात, इबादानच्या योरुबा लोकांत ई४ भरपूर, तरी आजाराशी त्याचा संबंध ढिला. तेव्हा जीन एकटी काम करत नाही, आजूबाजूचं जगणंही मोजावं लागतं, हे तुमचं म्हणणं खरंच.

खानदेशातल्या जातवार आकड्यांबद्दल बोलायचं तर बल्लभगडचे आकडे उचलून आपल्यावर चिकटवणंही बरोबर नाही. देशाचा अंदाज २०२३ मध्ये आला: साठीच्या पुढच्यांमध्ये ७.४ टक्के डिमेन्शिया, म्हणजे ८८ लाख माणसं. डिमेन्शियात अल्झायमरसकट विसराच्या आजाराचे सगळे प्रकार आले.

आजोबांचं मात्र पटलं नाही. जो ९१ पर्यंत पोचला तोच आपल्याला दिसतो. त्याच तर्रीवर ५८व्या वर्षी छातीत कळ येऊन गेलेल्या त्यांच्या भावकीची यादी कोणी ठेवली नाही. शिवाय ते आजोबा रोज किती चालायचे?

---

शंकासुर | १३ मे, रात्री ९:२०

मळा घरापासून चार किलोमीटर. जाऊन येऊन आठ. मान्य, तो मुद्दा आहे. धाकटे काकाआजोबा ५५ला गेले, तेही खरं. भरीत सोडणार नाही पण.

---

कळण्याची_भाकरी | १३ मे, रात्री ९:२६

भरीत कोण सोडायला सांगतंय? तेलाचं माप कमी करा म्हणजे झालं. वांगं भाजतात, तळत नाहीत.

---

शंकासुर | १३ मे, रात्री ९:३१

तेलाशिवाय भरीत म्हणजे भाजलेलं वांगं. असो, धागा भरकटतोय.

---

सातपुड्याचा_वारा | १३ मे, रात्री १०:४०

भरकटलाच आहे तर थोडा इतिहास. आलॉइस अल्झायमरने १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या इस्पितळात एक ५१ वर्षांची बाई बघितली, आउगुस्टे डेटर. १९०६ मध्ये ती गेल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्यातल्या प्रथिनांच्या गाठी आणि चकत्या सगळ्यांना ठाऊक झाल्या, शंभर वर्षं त्यांच्यावरच काम चाललं. पण त्याने तिसरी गोष्टही टिपली होती: मेंदूच्या आधारपेशींमध्ये साठलेले चरबीचे कण. त्याकडे फार काळ कोणी वळून बघितलं नाही. पुढे जीन्स सापडत गेल्या तशा त्यातल्या बऱ्याच चरबीच्याच गल्लीतल्या निघाल्या. एपीओई झालं, एबीसीए-७ चरबी पेशीबाहेर ढकलतं, क्लस्टेरिन स्वतःच चरबी वाहणारं प्रथिन, ट्रेम-२ आधारपेशींवर बसून चरबी ओळखतं. अल्झायमरने पहिल्याच फेरीत बोट ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट जेम्स वॉटसनची. डीएनएची रचना सांगणाऱ्या दोघांतला एक. २००७ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम वाचून झाला, तेव्हा तो म्हणाला, सगळं जाहीर करा, फक्त एपीओई नको, मला कळायला नको. त्याच्या आजीला अल्झायमर होता. जन्मभर डीएनएवर जगलेल्या माणसाला एवढं एक पान उघडायचं नव्हतं. मला त्याची पुष्कळ मतं पटत नाहीत, पण ही भीती समजते. वर गंमत अशी की तेवढा तुकडा झाकूनही आजूबाजूच्या तुकड्यांवरून अंदाज बांधता येतो हे लक्षात आल्यावर आणखी भाग झाकावा लागला.

आणि कोलंबियातली एक बाई. तिच्या घराण्यात प्रेसेनिलिन-१ चा बिघाड, लोकांना चव्वेचाळीसच्या आसपास विसर सुरू होतो. तिला सत्तरी आली तरी फारसं काही नाही. मेंदूत अमायलॉइड तर ठासून भरलेलं. २०१९ मध्ये कारण समोर आलं: एपीओईचा एक दुर्मिळ बदल, क्राइस्टचर्च नावाचा, दोन्ही प्रतींवर. एकाच टेम्पोचा एक नमुना बुडवतो, दुसरा तारतो.

---

खापरावरचे_मांडे | १४ मे, सकाळी ११:१५

मी इतके दिवस वाचनमात्र होते. स्थळाचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

माझं लग्न ठरताना सासूबाईंचं सासरच्यांनी लपवलं होतं. 'वयामुळे थोडं होतं' म्हणाले. मी आले, पहिल्या महिन्यातच त्या मला घरात घुसलेली चोर समजून मारायला धावल्या. सात वर्षं त्यांचं न्हाणं-धुणं मी केलं, माझ्या नवऱ्याने नाही, नणंदांनी नाही. आजाराचा राग आला नाही, लपवल्याचा अजून येतो. आधी सांगितलं असतं तरी मी कदाचित हो म्हटलं असतं, पण ते 'हो' माझं झालं असतं.

तेव्हा मायचा आजार लपवू नका, दादा. घरात येणारी-जाणारी माणसं बघतातच. आपल्याकडे पंचवीस गावांत नातं, आज नाही तर उद्या कोणीतरी कानबाईच्या रोटांना येऊन बघून जाईल.

पण जीनचा रिपोर्ट? तो कोणालाही दाखवायचा नाही. तुमचा नाही, बहिणीचा नाही, मुलीचा तर करूच नका. २३ वर्षांच्या पोरीला चाळीस-पन्नास वर्षांनी काय होईल याची टक्केवारी घेऊन कोणाच्या बैठकीत बसवायचं? उद्या हे लोक पत्रिकेसारखे 'ई३-ई३ पाहिजे' म्हणतील. मी जे पाहिलंय त्यावरून सांगते, म्हणतील.

काकांना म्हणावं, वेड आणि विसर यात फरक आहे. आणि 'घराण्यात आहे' म्हणून नाक मुरडणाऱ्या घरातही डायबेटिस, बीपी आणि अटॅक ओळीने बसलेले असतात.

---

भुसावळ_पॅसेंजर | १४ मे, सकाळी ११:३०

+१. माझ्या वडिलांचंही सगळं बायकोने केलं. मी वर 'आठ वर्षं मी केलं' असं लिहून बसलोय. ते 'आम्ही' असं वाचावं. निम्म्याहून जास्त तिने.

---

रक्तगट_ओ | १४ मे, रात्री १०:३०

मांडेताईंनी माझं काम हलकं केलं. लक्षणं नसलेल्या माणसाने नुसती उत्सुकता म्हणून एपीओई तपासावं, असं आम्ही सांगत नाही. कारण साधं आहे: रिपोर्ट काहीही आला तरी सल्ला बदलत नाही. ई४ निघाला तर चाला, बीपी सांभाळा, कोलेस्टेरॉल उतरवा. नाही निघाला तर चाला, बीपी सांभाळा, कोलेस्टेरॉल उतरवा. फरक पडतो तो एका ठिकाणी. लेकानेमॅबसारखी अमायलॉइड काढणारी नवी इंजेक्शनं आली आहेत, अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. ती घेताना मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो आणि ई४ च्या दोन प्रती असलेल्यांत तो जास्त होतो. म्हणून देण्याआधी तपासतात. ते औषध अगदी सुरुवातीच्या रुग्णांसाठी आहे, आजार थांबवत नाही, वेग थोडा कमी करतं. मायसाठी त्याच्या मागे धावावं का, हे तुमचे नाशिकचे डॉक्टरच सांगू शकतील.

बहिणीला एवढं सांगा: ई४ कळलेल्या लोकांवर मुद्दाम अभ्यास झालाय. नीट समजावून सांगितलं तर बहुतेक जण सावरतात. तिला कोणी समजावलंच नाही, थेट लाल अक्षरं पाठवली. तिथे खरी चूक झाली. जेनेटिक काउन्सेलरकडे एकदा बसू दे.

आता तुमचे २५२. वर म्हटलं की रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जात नाही. मग त्याचा काय संबंध, असं कोणी अजून विचारलं नाही, याचं आश्चर्य वाटतंय. संबंध आहे आणि तो वयावर अवलंबून आहे. फिनलंडमध्ये मध्यमवयात तपासलेल्या लोकांना वीसेक वर्षांनी पुन्हा पाहिलं. ज्यांचं तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल साधारण २५० च्या वर होतं, त्यांच्यात पुढे अल्झायमर जास्त निघाला. बीपीही चढलेलं असेल तर आणखी. पण सत्तरी-ऐंशीतलं कोलेस्टेरॉल बघितलं तर चित्र पुसट होतं, कधी उलटंही दिसतं. कारण आजार उघड होण्याआधी बऱ्याच जणांचं वजन आणि कोलेस्टेरॉल आपोआप उतरू लागतं. मग लोक म्हणतात, बघा, कोलेस्टेरॉल कमी असणाऱ्यांना विसर होतो. तो विसराचा परिणाम असतो, कारण नव्हे. मामांच्या मेसेजचं पीठ इथेच दळलेलं असणार.

रक्तातलं एलडीएल मेंदूला गाठतं कसं? मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या वाटेने. किल्ल्यात माल जात नाही, पण किल्ल्याला पाणी पुरवणारे पाट गाळाने भरतात. शेतकऱ्याला एवढं पुरे.

२०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाच्या, आपल्या हातात असलेल्या कारणांची यादी १२ वरून १४ केली. नव्याने आलेली दोन म्हणजे मध्यमवयातलं चढलेलं एलडीएल आणि उपचार न केलेली अधू दृष्टी. ही चौदाही कारणं जगातून नाहीशी झाली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब. एलडीएलचा वाटा ७ टक्के, ऐकू न येण्याचाही ७. आपल्याकडे जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये उभं आयुष्य काढलेले लोक पन्नाशीत बहिरे होतात आणि 'कानाचं मशीन म्हाताऱ्यांचं' म्हणून लावत नाहीत. मला कोलेस्टेरॉलइतकीच त्याची काळजी वाटते, पण कानाच्या मशीनवर कोणी व्हॉट्सॲप मेसेज बनवत नाही.

मग स्टॅटिनने अल्झायमर टळतो का? सरळ उत्तर: चाचण्यांत ते सिद्ध झालेलं नाही. २००२ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या, एक २०,००० च्या वर लोकांची सिम्व्हास्टॅटिनची, दुसरी ७० ते ८२ वयाच्यांची प्रॅव्हास्टॅटिनची. हृदयाला फायदा झाला, बुद्धीला ना फायदा ना तोटा. अल्झायमर झाल्यावर स्टॅटिन देऊनही आजार हटला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये स्टॅटिनच्या माहितीपत्रकात विसराळूपणाच्या तक्रारींची नोंद घातली, हे खरं. पण त्या तक्रारी क्वचित, सौम्य आणि गोळी थांबवल्यावर जाणाऱ्या, असंही तिथेच लिहिलंय. मेसेजवाले पुढचं वाक्य कापतात.

तुम्ही ४७ चे, एलडीएल १७२. फिजिशियनला दाखवा. साखर, बीपी, थायरॉइड सोबत बघतील. गोळी लागेल की तीन महिने खाण्या-चालण्यावर बघायचं, ते ठरवतील. तंबाखू मळता का, तेही सांगा. न विचारता कोणी सांगत नाही.

---

गिरणाकाठ | १४ मे, रात्री १०:५५

मळतो. लिहायचं राहिलं होतं.

---

शंकासुर | १४ मे, रात्री ११:००

डॉक्टर, पाटाचं उदाहरण पटलं. उद्या लिपिड करायला टाकतो. उपाशीपोटी यायचं ना?

---

रक्तगट_ओ | १४ मे, रात्री ११:०४

उपाशी यायची गरज नाही, तसेच या. ट्रायग्लिसराइड फार चढलेले निघाले तर पुन्हा उपाशी बोलवतील. आदल्या रात्री वरण-बट्टी नको.

---

गिरणाकाठ | २ जून, रात्री ९:१०

मंडळी, उशीर झाला, बियाण्याचा हंगाम आहे.

माय गोळी घेते आहे. मामांशी भांडण झालं, मिटलं. ते म्हणाले, "मी तिच्या भल्यासाठीच केलं," आणि ते खरंच होतं. मग मी त्यांचंच बीपी तपासून आणलं, १७० वर ९६. आता गोळ्यांवर आहेत आणि मेसेज पाठवणं बंद आहे.

बहीण काउन्सेलरकडे जाऊन आली. तासभर बसली. म्हणते, "एवढंच कोणी आधी सांगितलं असतं तर." मी टेस्ट केली नाही, करणार नाही. मला फिजिशियनने गोळी दिली, रोज ४० मिनिटं चालायला सांगितलं. तंबाखूचं चालू आहे, म्हणजे सोडण्याचं चालू आहे.

मायचा मोतीबिंदू दोन वर्षं पुढे ढकलत होतो, 'आता हिला काय बघायचंय' म्हणून. हा धागा वाचून लाज वाटली. पुढच्या महिन्याची तारीख घेतली.

स्थळवाल्यांना सगळं सांगितलं. एक जण परत आले नाहीत. दुसऱ्यांकडची आजी म्हणाली, आमच्याकडेही होते, मायजवळ जाऊन बसली आणि दोघींनी आखाजीची गाणी म्हटली. मायला एक ओळ चुकली नाही. बोलणी पुढे चालू आहेत, ठरलं असं अजून म्हणत नाही.

परवा रात्री ताट वाढलं तर माझ्याकडे बराच वेळ बघून विचारते, "तू कोना आंडोर (पोरगा) शे?" म्हटलं, "तुनाच." तर म्हणे, "मंग जेवना का?"

---

भुसावळ_पॅसेंजर | २ जून, रात्री ९:३०

कडी वर बसवली का?

---

गिरणाकाठ | २ जून, रात्री ९:३४

बसवली. आता बायकोचाच हात पोचत नाही, स्टूल ठेवलाय. स्टूल कुठे लपवायचा ते सांगा.